दारफळणीच्या सांजेला

दार वाजवून झालं आहे. आत माझी सुमनकाकू आहे, हे मला माहीत आहे. दारावरच्या झरोक्यात तेलाच्या दिव्याचा पिवळट उजेड हलतो आहे आणि मघाशी कुणीतरी पाट सरकवल्याचा आवाज आला. तरी दार उघडत नाही. उघडणार की नाही, तेही सांगता येत नाही. धरमपेठेतल्या या बोळात मी हातात पिशवी धरून उभी आहे. एवढी घोडी झाले, दोन पोरांची आई झाले, आणि भीती वाटतेय ती मात्र नऊ वर्षांच्या पोरीला वाटते तशी.

सूर्य बुडायच्या आत पोचायचं होतं. पण मुंबईहून निघालेली गाडी बडनेऱ्याला जी रखडली ती रखडलीच. स्टेशनबाहेर पडले तेव्हा दिवे लागले होते. नवमीची संध्याकाळ. सायकलरिक्षांच्या हँडलला, पानठेल्यांना, पंक्चरवाल्याच्या पंपाला झेंडूच्या माळा. कोपऱ्याकोपऱ्यावर आपट्याच्या पानांचे भारे टाकून बायका बसलेल्या. उद्या सगळ्या गावाचा दसरा. आणि आमचं दार लागलेलं.

आमच्यात आजच्या दिवशी सूर्य बुडाला की दार लागतं, ते उद्या सांजेला चांदण्या दिसेपर्यंत उघडत नाही. पाणीसुद्धा प्यायचं नाही, परक्या कुणाला शिवायचं नाही, पांढरे कपडे घालून देवापुढे वर्षभराच्या पापांची माफी मागत बसायचं. पुस्तकात त्याला किप्पुर म्हणतात. माझ्या आजीच्या तोंडी तो कायम दारफळणीचा सण होता. दारं लावून घ्यायचा सण. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. शाळेत हे सांगायची सोय नव्हती. बाई विचारायच्या, हिंदू? मी मान हलवायची. मुसलमान? ख्रिश्चन? पुन्हा मान हलवायची. मग सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा आणि बाई कंटाळून म्हणायच्या, बस खाली. आडनाव कोकणातल्या गावाचं, ते गाव मी अजून पाहिलेलं नाही. आजोबा रेल्वेत चिकटले आणि बदलीवर नागपूरला आले, ते इथेच मुरले. घरात मराठी, प्रार्थनेला, म्हणजे आमच्या नमाजाला, हिब्रू, बोळात क्रिकेट खेळताना हिंदी.

हाताने चाचपडते तर चौकटीवर ती खूण अजून आहे. उजव्या बाजूला, तिरपी, बोटाएवढी मेझुझाची डबी, आत देवाची वचनं लिहिलेली चर्मपत्राची गुंडाळी. येता-जाता तिला बोटं लावायची आणि ती ओठांना लावायची. वर इतक्यांदा ऑइलपेंट चढलाय की डबी आता चौकटीलाच आलेल्या गळवासारखी दिसते. लहानपणी माझा हात पोचत नसे. बेनीकाका, बाबांचा धाकटा भाऊ आणि सुमनकाकूचा नवरा, मला काखेत धरून उचलायचा. त्याच्या अंगाला ग्रीसचा वास यायचा.

सणाचा वास वेगळा. आदल्या दिवशी पहाटेपासून घरात निळीचा आणि कांजीचा वास. आई पांढरे कपडे निळीत बुचकळायची, वाळत घातले की अंगणभर पांढरंच पांढरं. आंघोळीला तांब्याच्या घंघाळात आधी कढत पाणी, मग गार. कुडकुडत बाहेर यायचं तोवर पुऱ्या तळल्याचा, नारळाच्या दुधातल्या खिरीचा वास. नारळ इतवारीच्या बाजारातून यायचा. तो फोडताना शेगुलाआजी, म्हणजे बाबांची आत्या, दरवर्षी म्हणायची की आमच्या कोकणात, नवगावला, हे असे पायाखाली येतात. आणि सब्जा. कुंडीतल्या सब्जाच्या तुऱ्यांच्या जुड्या आई ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. उपासाच्या दिवशी तोंडाला कोरड पडली की जुडी हातोहात फिरायची. दीर्घ वास घ्यायचा आणि पुढच्याला द्यायची. पोटात काही नसताना तो वास डोक्यात थेट शिरायचा.

इथवर सगळं छान. पण ताटं मांडली की माझी पाचावर धारण बसायची.

कारण त्या संध्याकाळी आमच्या घरी गेलेली माणसं येतात. आजोबा, आजी, माझा न पाहिलेला थोरला भाऊ, सगळी. दार लागायच्या आत ती घरात शिरतात, उपासाचा अख्खा दिवस आपल्यातच बसतात आणि तिसऱ्या दिवशी परत जातात. मधल्या खोलीत भिंतीकडेला ओळीने छोटी ताटं मांडलेली, एकेक पुरी, चमचाभर खीर, कलेजीचा तुकडा. शेगुलाआजी एकेकाचं नाव घेऊन ताट ठेवायची, सहज, जसं पोरांना जेवायला हाक मारावी. मग बाबा दार लावायचे. लाकडी अडसर. तो खाचेत पडायचा तेव्हा धप्पकन आवाज व्हायचा, आणि मला वाटायचं, झालं, आता ती आत आणि आपणही आत. मी ताटांकडे पाठ करून बसायची नाही आणि तोंड करूनही बसायची नाही. आईचा पदर धरून तिरपी बसायची.

बाबा इथल्या आमच्या लोकांचे मुकादम होते. आमच्यात समाजाच्या पुढाऱ्याला मुकादम म्हणतात. नागपुरात देऊळ नाही, सिनेगॉग नाही, प्रार्थना सांगणारा शिकलेला हझान नाही. रेल्वे, तारऑफिस आणि शाळामास्तरकीत विखुरलेली मूठभर घरं. त्यांची तफिल्ला, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, आमच्या पुढच्या खोलीत व्हायची. मुकादमी बाबांनी कुणाकडे मागितली नव्हती. त्यांना शोफार वाजवता येत होता, एवढीच त्यांची लायकी, असं ते स्वतःच म्हणत. शोफार म्हणजे मेंढ्याचं शिंग. उपास सुटताना ते फुंकायचं. बाबांचं शिंग सर्दी झालेल्या गिरणीच्या भोंग्यासारखं वाजायचं. पण त्या आवाजापाठोपाठ अडसर निघायचा, म्हणून मला जगात त्याच्याएवढं गोड काही वाटत नसे.

बाबा घाबरट होते. हे मला आता कळतं. तेव्हा मला ते फक्त गंभीर वाटायचे.

त्या वर्षांत समाजाची घरं एकेक करून रिकामी होत होती. सगळे इस्राएलला निघाले होते. दर सणाला पुढच्या खोलीतली सतरंजी जरा जास्त दिसायची. ज्याचं जायचं ठरलं तो मुकादम म्हणून बाबांना सांगायला यायचा, आई चहा करायची आणि तो गेल्यावर घरात कुणी काही बोलायचं नाही. मी रात्री मोजायची, आता कोण राहिलं. मला भीती एकच. सगळे गेले तर ही ताटांवरची माणसं कुठे येणार? तिकडे इस्राएलात, बीरशेबाला? त्यांना रस्ता कोण सांगणार? आजोबांना म्हणे वर्ध्याच्या पलीकडची गाडीसुद्धा आवडत नसे.

त्यात बातमी आली की तिकडे आपल्या लोकांच्या लग्नांना हरकत घेतात. तुम्ही खरे ज्यू कशावरून? आईची आई कोण, तिची आई कोण? आमच्याकडे ज्यांची कागदपत्रं तयार होती त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्यांत जास्त शालोमकाकांच्या. ते तारऑफिसात होते. दोन मुलं, घर विकलेलं, पैसे भरलेले. मुंबईहून कुणी माणूस चौकशीला येणार, कोण कुणाचा ते बघणार, असं त्यांनीच आणून सांगितलं. आणि सांगता सांगता त्यांचा डोळा सुमनकाकूकडे वळला.

सुमनकाकू नरखेडकडची, कुणब्याची पोर. बेनीकाका विहिरींचे पंप दुरुस्त करत त्या गावांतून फटफटीवर हिंडायचा. तिच्या बापाच्या संत्र्याच्या बागेतला पंप म्हणे सारखाच बिघडायचा. बाबा आधी रुसले, मग वितळले. आमच्या धर्मात घेताना शेगुलाआजीने तिला कन्हान नदीच्या डोहात बुड्या मारायला लावल्या, शुक्रवारी सांजेला शब्बाथचा दिवा लावायला शिकवला, मटणाला मीठ लावून रक्त काढायला शिकवलं. काकूने ते असं उचललं की आजी आईला टोमणे मारायला लागली. लग्नाला बाबाच उभे राहिले. सणाला काकू बायकांत बसायची, तिच्या वऱ्हाडी जिभेवर शेमा प्रार्थनेचे शब्द ठेचकाळत चालायचे, आणि आम्ही पोरं हसलो की तीच आमच्याआधी हसायची.

मग बेनीकाका गेला. उन्हाळ्यात फटफटी घसरली, एवढंच आम्हाला सांगितलं. कबरीवर माती टाकताना बाबा काकूला म्हणाले होते, तू आमचीच आहेस, सणाला ये. मूलबाळ नव्हतं. ती माहेरी गेली.

सणाच्या आधी पुढच्या खोलीत बैठक झाली. मी दाराआड होते. शालोमकाका ओरडले नाहीत, उलट त्यांचा आवाज बारीक झाला होता. बाबांना म्हणाले, मोशे, बेनी होता तोवर ठीक. आता ती कुणाची कोण? यंदा तिला आत बसवलं आणि उद्या कुणी विचारलं, तर तिच्यापायी आपण सगळेच संशयाच्या खाली येऊ. बाबांनी सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली. मग म्हणाले, ती येईलच असं नाही. तो निर्णय नव्हताच. बाबांनी नुसती तिच्या न येण्यावर आशा ठेवली होती.

त्या नवमीला ताटं मांडली, तेव्हा शेगुलाआजीने ओळीच्या शेवटी नवं ताट ठेवलं. बेनी, ये रे बाबा, म्हणाली. आजोबा मी पाहिले नव्हते. त्यांचं भूत मला कसंही रंगवता यायचं. पण बेनीकाकाला मला चेहऱ्यासकट घाबरावं लागत होतं. अडसर पडला. बाबांनी पुस्तक उघडलं. पांढऱ्या कपड्यांतली सगळी मोठी माणसं सावरून बसली, आणि तेवढ्यात दारावर थाप पडली.

मी आईच्या पदरात तोंड खुपसलं. मला खात्री होती की तो बेनीकाका आहे. उशीर झाला, दार लागलं आणि आता तो बाहेर अडकला.

"भाऊजी, मी सुमन," बाहेरून आवाज आला. "काटोलच्या अलीकडं एसटी बिघडली. दार उघडा नं."

कुणी हललं नाही. बाबांचं बोट ओळीवर होतं तिथेच राहिलं. शालोमकाका बाबांकडे बघत होते, आणि घाम शालोमकाकांच्याच कपाळावरून उतरत होता.

"दार लागलं, मले समजते," काकू म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, जणू दाराला तोंड लावून बोलत होती. "पन हे आतमंदी आले असतीन. मी नाही दिसली तं घाबरतीन ते."

मला अजूनही वाटतं की बाबा त्या क्षणी उठणार होते. त्यांचा गुडघा हललेला मी पाहिला. पण ते उठले नाहीत. त्यांनी पान उलटलं आणि मोठ्याने वाचायला लागले, एरवी वाचत त्याहून कितीतरी मोठ्याने. बाहेरून पुन्हा थाप पडली तरी ऐकू येऊ नये इतक्या मोठ्याने. मग सगळेच मोठ्याने म्हणू लागले. घरभर हिब्रूचा असा गलका मी कधी ऐकला नव्हता. शब्द देवाचे होते, पण आवाज भ्यालेल्या माणसांचा होता. शेगुलाआजी तेवढी गप्प होती. ती उठली, ओळीतलं शेवटचं ताट उचललं आणि दाराच्या उंबऱ्यापाशी नेऊन ठेवलं.

थाप परत पडली नाही. पण काकू गेलीही नाही. दाराखालच्या फटीत तिची सावली दिसत होती.

दुसरा दिवस. बाहेर दसरा. आमची तिथी आणि दसरा पुष्कळदा असे एकाच दिवशी यायचे, म्हणजे बाहेर ढोल आणि आत उपास. खिडकीच्या फळीला एक भोक होतं, त्याला मी डोळा लावून बसले. रस्त्याने सकाळपासून माणसं चालली होती. दीक्षाभूमीकडे जाणारी, लांबलांबच्या खेड्यांतून आलेली, बायका, म्हातारे, कडेवर पोरं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. संपतच नव्हती. आत पांढरं, बाहेर पांढरं. ती जिवंत माणसं आहेत हे मला ठाऊक होतं, तरी उपाशी डोक्यात घोळ व्हायला लागला की कोण येतंय आणि कोण जातंय. आणि या सगळ्यांच्या मध्ये आमच्या पायरीवर पांढरं पातळ नेसून काकू बसली होती. शेजारी कापडी पिशवी. पिशवीतून दसऱ्याच्या सुमाराला उतरणारी आंब्या बहाराची हिरवट-पिवळी संत्री दिसत होती.

चालणाऱ्यांतल्या एका म्हातारीने थांबून तिला पाण्याचा गडवा दिला. काकूने हात जोडले.

"उपास हाये माय," ती म्हणाली.

म्हातारी थोडा वेळ तिच्याजवळ टेकली, पाय चोळले आणि पुढे गेली. काकू तशीच. ऊन पायरीवर चढलं, तिच्या मांडीवर आलं, तोंडावर आलं. ती सरकली नाही. संत्र्यांचा वास फटीतून आत येत होता. आत बसलेल्या प्रत्येकाला तो येत असणार. मला त्या दिवशी मेलेल्यांची भीती वाटली नाही. मला जिवंत माणसांची वाटली. मला वाटलं, हे काकूसाठी दार उघडत नाहीत, तर उद्या माझ्यासाठी उघडतील कशावरून? मी कुणाची कोण, हे कोण ठरवणार?

दुपारी सब्जाची जुडी फिरत फिरत आईकडे आली. आई घरातली सगळ्यांत अबोल बाई. बाबांपुढे मान वर करून तिने कधी काही म्हटलेलं मला आठवत नाही. तिने वास घेतला, पुढच्या बाईने हात केला, तो तिला दिसलाच नाही जणू. ती उठली, दाराशी जाऊन खाली बसली आणि जुडीतला एक तुरा फटीतून बाहेर सरकवला. शालोमकाका बघत होते. बाबाही बघत होते. मग तुरा हळूच बाहेर ओढला गेला.

चांदण्या दिसल्या तेव्हा बाबांनी शोफार उचलला. पहिल्या फुंकरीला आवाजच निघाला नाही. दुसऱ्या फुंकरीला नुसती हवा. कुणीतरी खाकरलं. तिसऱ्यांदा कसाबसा एक फाटका सूर निघाला, आणि बाबांनी स्वतः जाऊन अडसर काढला.

काकू भिंतीला धरून उठली. ओठ फुटले होते. तिने मेझुझाला बोटं लावली, ओठांना लावली आणि आत आली. माणसं दोन्हीकडे सरकली. उंबऱ्यापाशी ताट दिसलं तशी ती त्याच्यासमोर बसली. पुरी कडक झाली होती, खिरीवर साय धरली होती.

"आत्याबाई, आले होते का हे?" तिने शेगुलाआजीला विचारलं.

"आला असेल," आजी म्हणाली. "तू बाहेर बसलीस, म्हणून तोही बाहेरच बसला असेल."

"मंग मले काहून नाही दिसले?"

काकूने पिशवीतून एक संत्रं काढलं, सोललं, आणि पहिली फोड बाबांपुढे धरली. भाऊजी, उपास सोडा, एवढंच म्हणाली. बाबांनी ती घेतली. पण सगळ्यांचं खाऊन झालं, माणसं आपापल्या वळकट्या घेऊन घरी गेली, तरी ती फोड त्यांच्या हातात तशीच होती.

दुसऱ्या दिवशी आमचा शिळा सण. त्या दिवशी गेलेली माणसं परत जातात आणि जिवंत माणसं एकमेकांकडे जातात. शेजारच्या वच्छलाबाई दरवर्षीसारखं शिळं सोनं घेऊन आल्या, कारण दसऱ्याला आमचं दार बंद. आपट्याचं पहिलं पान त्यांनी काकूच्या हातावर ठेवलं. मग आईला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या घरची बाई दिवसभर बाहेर काहून बसली होती वं? आई म्हणाली, दार लागलं होतं. वच्छलाबाईंनी आणखी विचारलं नाही. मुंबईहून येणारा तो माणूस कधी आलाच नाही. शालोमकाका हिवाळ्यात इस्राएलला गेले. निघताना त्यांनी काकूसाठी म्हणून एक लोकरीची शाल ठेवली. ती तिने पांघरलेली मी कधी पाहिली नाही.

त्यानंतर काकू दरवर्षी पहिल्या एसटीने यायची. सकाळीच हजर. दुपारपासून आत येऊन भिंतीला टेकून बसायची, दार लागायला अजून कितीही वेळ असो. उठून परसाकडेही जायची नाही. आई म्हणायची, अगं हातपाय तरी मोकळे कर. ती नुसती हसायची. मला त्या हसण्याची भीती वाटायची.

आम्हीही इस्राएलला निघालो तेव्हा मी शाळा संपवत आले होते. शेगुलाआजी आदल्या वर्षी वारली होती. ट्रंका बांधून झाल्या होत्या, घरात आवाज घुमायला लागला होता. काकू निरोपाला आली, रिकाम्या भिंतींकडे बघत फिरली आणि बाबांसमोर उभी राहिली.

"तुमी गेल्यावर दार कोन लावन भाऊजी?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. घर विकायचं ठरलं होतं, बयाणा घ्यायचा तेवढा बाकी होता. बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. आई भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. इतक्या वर्षांत मुकादम म्हणून बाबांनी न घाबरता केलेलं ते एकच काम, असं मला वाटतं.

बीरशेबात आम्हाला तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. दार पातळ, अडसर नाही, बाहेर वाळू. तिथे आम्ही हिंदुस्थानी झालो. माझं लग्न ठरलं तेव्हा एका टेबलासमोर मला बसवलं आणि दाढीवाल्या एका गृहस्थांनी, अगदी सभ्यपणे, माझ्या आईच्या आईचं नाव विचारलं. मग तिच्या आईचं. मला नाव येत होतं, पण माझं ततपप झालं. नाकात एकदम संत्र्यांचा वास आला. शेजारी बाबा बसले होते. त्यांनी माझा हात धरला, तर त्यांचा हात माझ्याहून थंड.

गेल्या वर्षीच्या किप्पुरला ते फार थकले होते. खाटेवरून सारखे विचारत होते, दार कुणी लावलं? मी म्हणायची, मी लावलं बाबा. मग एकदा नीट शुद्धीत येऊन म्हणाले, "मी भ्यालो होतो गं. पाप वगैरे नंतरचं. नुसता भ्यालो होतो." थोड्या वेळाने म्हणाले, "मला नागपूरचा रस्ता सापडेल ना?" मी हो म्हटलं. हिवाळ्यात ते गेले. मी काकूला पत्र घातलं. वच्छलाबाईंच्या सुनेने ते वाचून दाखवलं असेल. उत्तर आलं नाही.

आणि आता मी इथे. बाबांसाठी आले, असं नवऱ्याला सांगितलं, आणि ते खरंच आहे. आज ते येणार असतील तर याच घरी येतील. दुसरं घर त्यांच्या आत्म्याला माहीत नाही. पण मी आत नसले तर? आणि काकूने मला आत घेतलंच नाही तर? तिला तसा हक्क आहे. या गावात या सणाला दार लावणारी ती एकटी उरली आहे. कोण आपलं, कोण परकं, हे आता तिने ठरवायचं.

बोळात अंधार पडलाय. मी पुन्हा दार वाजवते, हळू.

"काकू, मी आले. गाडीला उशीर झाला."

आत काहीतरी थांबलं. मग पावलं, अनवाणी, घासत येणारी, दारापर्यंत. तिथेच थांबली. दारापलीकडे तिचा श्वास मला ऐकू येतोय. तिला माझा येत असणार. मग खाली, फटीशी, काहीतरी सरकलं. मी वाकून बघते. सब्जाचा तुरा.

मी तो उचलला. तोच वास, डोक्यात थेट शिरणारा. म्हणजे माझ्या वाट्याला एवढंच आहे तर. ठीक आहे. एवढंच मिळायला हवं. मी पिशवी खाली ठेवली, पायरीवर बसले, भिंतीला पाठ टेकली. उद्या सकाळी माणसं पांढऱ्या कपड्यांत समोरून जातील. कुणी पाणी दिलं तर सांगेन, उपास आहे.

आणि मग मागे अडसर निघाला.

काकू दारात उभी होती. पांढरं पातळ, केस पांढरे, पाठ वाकलेली. मला तिने नीट पाहिलंसुद्धा नाही. माझं मनगट धरलं आणि ओढलं. तिच्या मागे जमिनीवर ताटं मांडलेली दिसत होती, ओळीने, भिंतीपर्यंत. एक ताट ओळीत नव्हतं. ते उंबऱ्याला लागून होतं, पुरीतून अजून वाफ येत होती.

"लवकर आत ये वं," ती कुजबुजली. "भाऊजी कवाचे आले. दाराशी बसून राहिले. तू नाही दिसली तं घाबरून गेले ते."

मी मेझुझाला बोटं लावली आणि ते ताट ओलांडून आत गेले. काकूने अडसर टाकला. तो खाचेत धप्पकन पडला, आणि मला वाटलं, झालं, आता बाबा आत आणि मीही आत.